सकाळी सातला या

श्रोतेहो, नमस्कार.

वावरातली माणसं घरी आली असतील, चुलीवर भाकर पडली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज मी घरांबद्दल बोलणार आहे. तुमच्या किंवा माझ्या एका घराबद्दल नाही, तर गावात पुढची घरं कुठं उभी राहणार आणि ती कुठं राहावीत हे सांगायचा तुमचा जो हक्क आहे, त्याबद्दल.

मी आयुष्यभर नकाशांचं काम केलं. साखळी ओढली, टेबल लावलं, शेवटी शेवटी उपग्रहावरून चालणारी यंत्रंही हाताळली. धुऱ्यावरून उन्हात चालून चालून पायाचे तळवे दगडासारखे झाले. त्यामुळे नकाशा म्हणजे काय चीज आहे आणि तो कुठं फसतो, हे मी पोटतिडकीनं सांगू शकतो.

आधी कामाची गोष्ट. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या, नसेल तर ध्यानात ठेवा. तीन गोष्टी आहेत. तीस दिवस. लेखी. पोच.

२०१४ च्या सुमाराला तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरलं, हे तुम्हाला माहीत आहे. नगरपंचायत झाली की गावाची विकास योजना येते. रस्ता कुठून जाणार, शाळा कुठं, बाजार कुठं, बेघरांसाठी घरं कुठं, हे सगळं रंगवलेला एक मोठा नकाशा. तो पक्का होण्याआधी प्रारूप म्हणून लोकांपुढं ठेवावाच लागतो. कायदा १९६६ चा आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, आणि त्याचं सव्विसावं कलम. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, नकाशा कार्यालयात पाहायला ठेवतात, त्याची प्रत वाजवी किमतीत विकत मिळते. सूचना निघाल्यापासून तीस दिवसांत कुणालाही हरकत घेता येते, सूचना करता येते. मग नियोजन समिती बसते. तिच्यात गावानं निवडून दिलेले सदस्य असतात आणि बाहेरून नेमलेले जाणकारही असतात. ज्यानं लिहून दिलं त्याचं म्हणणं या समितीला ऐकून घ्यावं लागतं.

ज्यानं लिहून दिलं त्याचं. चहाच्या टपरीवर बोलला त्याचं नाही. म्हणून पुन्हा सांगतो : तीस दिवस, लेखी, पोच. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.

आता गोष्ट सांगतो. ही मी जिथं बसतो तिथं सांगतो. घरची मंडळी कंटाळली आहेत, पण तुम्ही पहिल्यांदा ऐकताय.

वर्धा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात. नवीन नगरपंचायत झालेली. विकास योजनेआधी सध्याच्या वापराचा नकाशा करतात, म्हणजे आज कुठल्या जागेवर काय आहे त्याची नोंद. ते काम माझ्याकडं होतं. गावाच्या उगवतीला, वस्ती संपते तिथं, दोनेक एकर सरकारी जागा होती. मी तिथं पोचलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. एक कडुनिंब, एक सिमेंटचा हौद, बाकी धूळ. मी वहीत लिहिलं, ‘मोकळी जागा’. वेळही लिहिली, कारण मला वेळ लिहायची सवय आहे : सकाळी ११ वाजून ४० मिनिटं.

पुढं प्रारूप योजना झाली आणि त्या मोकळ्या जागेवर आरक्षण पडलं, बेघरांसाठी घरे. कागदावर यापेक्षा चांगलं काय असणार? जागा सरकारी, कुणाचं वावर जात नाही, गावाला लागून, आणि घरकुलाच्या यादीतल्या लोकांना हक्काची जागा. ज्याला स्वतःची जागा नाही त्याचं घरकुल मंजूर होऊनही अडून बसतं, हे आपल्याकडं गावोगाव दिसतं. मला त्या आरक्षणाचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

नकाशा नगरपंचायतीच्या हॉलमध्ये लागला. काही विचारलं तर सांगायला मी टेबल टाकून बसलो. पहिले पंधरा दिवस कोण आलं? लेआउटवाले, प्लॉट पाडून विकणारे. ते बरोबर आले, मोबाइलमध्ये फोटो घेऊन गेले, कुठं पिवळा, म्हणजे घरांचा, पट्टा आहे, कुठून रस्ता जातो, सगळं विचारून गेले. त्यांना दोष देत नाही, त्यांचा धंदा आहे. पण ज्यांची घरं व्हायची होती त्यांच्यापैकी एकही माणूस फिरकला नाही.

इथं थोडं थांबतो. पूर्वी गावात काही असलं की कोतवाल डफडं वाजवत गल्लोगल्ली फिरायचा. आंधळ्याला ऐकू यायचं, म्हातारीला कळायचं, पोरं मागं धावायची. आता सूचना फळ्यावर लागते नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि तिथं ती सुप्रभाताच्या फुलांखाली दबून जाते. माझं मत आहे की घराजमिनीच्या प्रत्येक सूचनेची दवंडी झालीच पाहिजे, डफडं वाजवून, भर बाजाराच्या दिवशी. नगराध्यक्षांना, मुख्याधिकाऱ्यांना, सरपंचांना हात जोडून विनंती आहे. फार खर्च नाही येत.

असो. सोळाव्या-सतराव्या दिवशी गायकी आला. गावाची ढोरं राखणारा. तो नकाशा पाहायला आलाच नव्हता, रहिवासी दाखल्यासाठी आला होता. रांगेत उभं राहून कंटाळला आणि नकाशापुढं येऊन थांबला. बराच वेळ पाहत होता. मग मला म्हणाला,

“सायेब, आखर कुठं हाये यात?”

मी बोट ठेवलं. म्हटलं, इथं.

“इथं तं घरं दाखवली.”

“हो. बेघरांसाठी होणार आहेत.”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “मंग ढोरं कुठं उभी राह्यतीन?”

मी वही उघडली. त्याला दाखवलं, भाऊ, मी स्वतः जाऊन पाहिलंय, जागा मोकळी होती. त्यानं एकच विचारलं.

“तुमी किती वाजता आल्ते?”

मी म्हटलं, अकरा चाळीस.

“साडेअकराले ढोरं रानात असतात, सायेब.”

श्रोतेहो, मी स्वतः खेड्यातला. लहानपणी माझ्या घरची गाय मी स्वतः आखरावर नेऊन सोडलेली. सकाळी सातपासून घरोघरची ढोरं तिथं जमतात, गायकी ती मोजून घेतो आणि पांदणीनं रानात नेतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पोळ्याचं तोरण तिथंच बांधतात. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन तिथंच होतं. आणि मी तिथं ‘मोकळी जागा’ लिहून आलो. जागा मोकळी नव्हती. मी उशिरा पोचलो होतो.

आता ऐका, इथून गोष्ट अवघड होते. त्या गायक्याचं स्वतःचं घर कुडाचं, वर टिना. घरकुलाच्या यादीत त्याचंही नाव होतं. म्हणजे ज्या घरांना तो हरकत घेणार, त्यात एक घर त्याचं होतं.

त्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. मीही लांब उभा राहिलो. गायकी बोलला की आखर जातं आहे, हरकत घेऊ. तेव्हा भाजी विकणाऱ्या एक मावशी उठल्या. नवरा गेलेला, नऊ वर्षं भावाच्या सपरीत पडदा लावून दोन पोरींना घेऊन राहत होत्या. त्या म्हणाल्या,

“ढोराले जागा पाह्यजे म्हनता, अन् माणसाले? माह्या पोरी कुठं ठेवू मी?”

कुणाला उत्तर सुचलं नाही. गायक्यालाही नाही. तो एवढंच म्हणाला, “माय, माहंबी नाव हाये यादीत.” आणि सभा तशीच उठली.

ही सभा मी विसरू शकत नाही. आपल्याला वाटतं, हरकत म्हणजे लोक एका बाजूला आणि कार्यालय दुसऱ्या बाजूला. तसं नसतं. खरी गाठ लोकांच्या आपसात असते. एकाचं आखर, दुसऱ्याचं घर, दोघंही खरे, दोघंही गरीब. ती गाठ पारावर सुटली नाही, तर समितीपुढं दोन अर्ज जातात, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा, आणि मग समिती नकाशा आहे तसाच पुढं ढकलते.

दोन दिवसांनी मावशी स्वतः हॉलमध्ये आल्या. कुणी सांगितलं होतं ठाऊक नाही. मला म्हणाल्या, हा कागद मले वाचून दाखवा. मी एकेक जागा दाखवत गेलो. ही शाळा, हा दवाखाना, हा बाजार... त्यांनी माझा हात धरला.

“इथं कुठला बाजार? बाजार तं चार वर्सं झाले उठला ना बाप्पा तिथून! मीच नाई का नव्या जागी बसत?”

जुन्या बाजाराची जागा. मोडके ओटे, वर बेशरमाची झुडपं वाढलेली, बाजूला बंद पडलेला कोंडवाडा. कागदोपत्री अजून बाजार म्हणून लिहिलेली, म्हणून नकाशातही बाजार. म्हणजे बघा, जी जागा रोज सकाळी भरलेली होती ती नकाशात रिकामी, आणि जी चार वर्षं रिकामी होती ती नकाशात भरलेली. दोन्ही चुका दोन माणसांनी दाखवल्या. एकानं ढोरं राखली होती, एकीनं भाजी विकली होती.

मी सरकारी नोकर, त्यांचा अर्ज लिहून देणं मला शोभलं नसतं. पण कायद्यातले शब्द वाचून दाखवायला काय हरकत होती? कायदा म्हणतो, हरकती आणि सूचना. नुसती हरकत देऊ नका, सूचनाही द्या. हे नको म्हणा आणि हे करा म्हणा. अर्ज मावशींच्या थोरल्या पोरीनं लिहिला. बारावीला होती, अक्षर मोत्यासारखं. आखरावर घरं नकोत, जुन्या बाजारावर आणि कोंडवाड्यावर करा, असं त्यात लिहिलं होतं. खाली दोन पानं सह्या आणि अंगठे. गायक्याचा अंगठा पहिला, मावशींची सही दुसरी. पटवाऱ्याकडून निस्तारपत्रकाची, म्हणजे गावाच्या सामायिक जागांच्या कागदाची, नक्कल काढून जोडली, त्यात आखराची नोंद होती. सत्ताविसाव्या दिवशी अर्ज दिला आणि शिक्का घेतला. तीस दिवस, लेखी, पोच.

सुनावणीला बाहेरगावचे जाणकार आले होते. एकेकाला दहा मिनिटं. लेआउटवाल्यांनी वकील आणले. गायक्याची पाळी आली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, बोला. तो उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला,

“मले बोलता येत नाई, सायेब. तुमी सकायी सातले या.”

बस. आणि खाली बसला.

मला वाटलं, संपलं. पण त्या समितीत एक वयस्कर गृहस्थ होते, निवृत्त. त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सव्वासातला जीप आखराच्या तोंडाशी पोचली आणि तिथंच अडकली. कारण समोर गावातली सगळी ढोरं. पांढऱ्याशुभ्र गौळाऊ गाई, आपल्या वर्धेच्या मातीतली जात ती, लांब तोंडाच्या, पायांनी चपळ. म्हशी, गोऱ्हे, वासरं. बाया ढोरं सोडून पाटी घेऊन शेण गोळा करताहेत, पोरं हौदावर पाणी पाजताहेत. जीपचं दार उघडेना, इतकी दाटी. ते गृहस्थ शेवटी खिडकीतून ओरडून विचारू लागले, किती ढोरं आहेत रे?

गायकी म्हणाला, “दोनशे दहा. आज दोन कमी. एक रात्री व्याली, एक लंगडते.”

समितीतल्या एकानं मोजायला घेतलं आणि साठ-सत्तरवर सोडून दिलं. साडेआठला गायक्यानं हाळी दिली, कळप पांदणीला लागला. नऊ वाजता तिथं कडुनिंब, हौद आणि धूळ. सगळे खाली उतरून उभे होते आणि कुणी बोलत नव्हतं. मीही नाही.

नंतर जुन्या बाजारावर नेलं. तिथं मावशींनी काय काय सांगितलं ते लांब आहे. पुढं आरक्षण तिकडं हललं. मंजुरी यायला दीड वर्षाच्या वर गेलं. आखराचा एक कोपरा रस्त्यात गेलाच, तो वाचला नाही. कडुनिंब राहिला. आणि पक्क्या नकाशात त्या जागेवर ‘मोकळी जागा’ खोडून ‘आखर’ असं लिहिलं आहे. ते अक्षर माझं आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर ग्रामपंचायतीत राहतो, आम्हाला कुठला विकास आराखडा? तुम्हाला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा पाठ असतीलच. घरकुलाचा प्राधान्यक्रम, गावठाणाबाहेर वस्ती वाढवायची, गायरान मागायचं, सगळ्यांत ग्रामसभेचा ठराव लागतो. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जी संख्या कमी ती. माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाही. लक्षात आलं? पहिल्या सभेला तुम्ही गेला नाहीत तर दुसऱ्या सभेत पाच-दहा माणसं गावाचा निर्णय घेतात, आणि ते कायदेशीर असतं. बायांची महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. मायबहिणींनो, तिथं बोला, आणि तुमचं बोललेलं इतिवृत्तात लिहिलं का ते वाचून मगच सही करा.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, तुम्ही नाव ऐकलं असेल. तिथं मताला टाकत नाहीत, सगळ्यांचं एक होईपर्यंत बसतात. त्याआधी अभ्यास गट बसतो, कायदा समजून घेतो. वेळ लागतो. पण तिथं ढोर विरुद्ध घर असं भांडण सभेच्या आधीच बोलून झालेलं असतं.

आणखी एक, पूर्व विदर्भातल्या लोकांसाठी. गावाला लागून जी मोकळी दिसते ती जमीन कागदावर झुडपी जंगल आहे का, हे पटवाऱ्याला आधी विचारा. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी अधिकाऱ्यांनी दिलेल्या जागांना वेगळी वाट ठेवली आहे, पण नवी घरं तिथं सहजी होणार नाहीत. तशा जागेसाठी चार-पाच वर्षं झुरू नका, सुरुवातीलाच दुसरी सुचवा. आणि निस्तारपत्रक मागा. जमीन महसूल संहितेचं एकशे एकसष्टावं कलम. चराई, सरपण, सार्वजनिक वहिवाट, सगळं त्यात असतं. जुन्या मध्यप्रांतातून आपल्याला मिळालेला हा कागद आहे, आणि आपल्याच पोरांना तो ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं.

जाता जाता एक मनातलं बोलतो. घर कुठं व्हावं हे सांगायचा हक्क आहे, तसं ते कसं व्हावं हेही सांगा. पंचवीस चौरस मीटरचं घरकुल, वर स्लॅब. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तो स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत आग ओकतो. आपल्या बापजाद्यांनी मातीच्या जाड भिंती घातल्या, वर कवेलू टाकले, पुढं सपरी काढली, आंगणात कडुनिंबाखाली बाजा टाकल्या. त्यांना उन्हाची जाण होती. सगळं तसंच बांधा म्हणत नाही, कवेलू घालणारा माणूसही आता शोधावा लागतो. पण सपरी तरी सोडा. घराच्या पुढं सात-आठ फूट सावली. नकाशा मागतील तेव्हा हे मागा, ठराव करतील तेव्हा त्यात लिहून घ्या. मी दहा ठिकाणी हे बोललो आहे आणि अकराव्या ठिकाणीही बोलेन.

तर, सूचना लागली का ते उद्या जाऊन पाहा. नकाशापुढं एकटे जाऊ नका, ढोरं राखणाऱ्याला न्या, भाजी विकणाऱ्या बाईला न्या, पाणी सोडणाऱ्याला न्या. त्यांना विचारा, ही जागा सकाळी कशी असते, पावसाळ्यात कशी असते. आणि मग लिहा. तीस दिवसांत. लेखी. पोच घेऊन.

मावशी नव्या घरात राहायला गेल्या, त्याला आता बरेच दिवस झाले. थोरल्या पोरीचं लग्न त्याच घरातून झालं. गायक्याचा नंबर उशिरा लागला. मागच्या महिन्यात त्याच्याकडं जाऊन आलो. जोता झाला आहे, भिंती दिवाळीनंतर. पुढं सपरीला त्यानं सात फूट सोडले आहेत.

नमस्कार.